भांग, उधाण आणि शेवटचा धावपटू

मराठीच्या वर्गात समुद्र वारंवार येतो. तो अथांग असतो, धीरगंभीर असतो, कधी रौद्र असतो; त्याच्या लाटा फेसाळत येतात आणि कवीच्या मनाशी त्याचे काहीतरी नाते जुळते. विद्यार्थी ही विशेषणे उत्तरपत्रिकेत निष्ठेने उतरवतात आणि आम्ही त्यांना तितक्याच निष्ठेने गुण देतो. हा समुद्र किती वाजता वर येतो, किती वाजता मागे सरतो, आज जिथे पाणी आहे तिथे आठ दिवसांनी याच वेळी काय असेल, असले प्रश्न वाङ्मयाच्या तासाला कुणी विचारत नाही. ते प्रश्न भूगोलाचे किंवा भौतिकशास्त्राचे, अशी आपली एक निमूट वाटणी झालेली आहे. या वाटणीविषयी काही लिहावे, असे आम्हांला एका सकाळच्या कामामुळे वाटू लागले. ते काम होते धावणाऱ्यांना पाणी देण्याचे.

आम्ही दोघे रायगडच्या किनाऱ्यावरील एका महाविद्यालयात, एकाच विभागात मराठी शिकवतो. दोघांचीही चाळिशी उलटली आहे. आमच्यातला एक सोलापूरकडचा, दुसरी चौलच्या बाजूची. धावण्याशी दोघांचाही संबंध नाही. पण २०२४च्या माघात, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २५ फेब्रुवारीच्या रविवारी, नागावच्या किनाऱ्यावर दहा किलोमीटरची एक छोटी स्पर्धा ठरली आणि महाविद्यालयाकडे स्वयंसेवकांची मागणी आली. पंधरा-वीस विद्यार्थी आणि त्यांच्या सोबतीला आम्ही, अशी आमची रवानगी झाली. मार्ग सोपा होता. पहिले पाच किलोमीटर नारळी-पोफळीच्या वाड्यांमधल्या रस्त्याने, आणि वाडीतून बाहेर पडल्यावर पुढचे पाच पुळणीवरून, आक्षीच्या दिशेने जाऊन परत. रस्ता संपून वाळू सुरू होते तिथे आमचे पाण्याचे टेबल होते.

स्पर्धेसाठी हाच रविवार का, असे आम्ही आदल्या दिवशी सहज विचारले. उत्तर आयोजकांनी दिले नाही. ते आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातील, थळच्या बाजूच्या एका विद्यार्थिनीने दिले. "सर, उद्या वद्य प्रतिपदा. एकाची पाऊणपट पाऊण. पाऊणला भरती, म्हणजे साडेसहाला ओहोटी. पुळण सगळी उघडी असेल." तिथीची पाऊणपट करावी, येईल तो आकडा पूर्ण भरतीचा, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा आणि अमावास्या झाली की पुन्हा एकापासून मोजायचे. हा हिशेब आमच्या किनाऱ्यावर लहान मुलांनाही पाठ असतो. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो, त्याच्यामागून भरतीही तितकीच रेंगाळते. पाऊण तास हा त्या उशिराचा बोटांवर मोजता येणारा संक्षेप. नियम ढोबळ आहे, तासाच्या आतबाहेर चुकतो. पण होडी पाण्यात लोटण्यापुरता पुरेसा आहे. ही विद्यार्थिनी बारावीला भौतिकशास्त्रात नापास होऊन कलाशाखेत आलेली. आपण आत्ता जे सांगितले ते भौतिकशास्त्र होते, हे तिच्या गावी नव्हते. खरे तर ते तिला कुणी सांगितलेच नव्हते.

रविवारी पहाटे किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा तिचा हिशेब समोर उलगडलेला होता. पाणी दूरवर सरले होते आणि मधला ओला पट्टा चांदण्यात शिशासारखा चमकत होता. पावणेसातला धावणारे सुटले. सातच्या सुमारास वाड्यांच्या मागून सूर्य वर आला, आणि त्या वेळी पश्चिमेला पाण्यावर चंद्र अजून वीतभर उरला होता. पूर्वेला सूर्य, पश्चिमेला चंद्र आणि मध्ये आपण, हा देखावा दहा-वीस मिनिटेच टिकतो. तो सुंदर आहे हे सांगायला आमची गरज नाही. पण हा देखावा म्हणजेच उधाणाचे कारण आहे, हे त्या दिवशी प्रथम आमच्या डोळ्यांना पटले. सूर्य आणि चंद्र पृथ्वीच्या एका रेषेत आले की दोघांची ओढ एकमेकींत मिळते. सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्येला ते एका बाजूला असतात, पौर्णिमेला दोन बाजूंना. दोन्ही वेळा उधाणच. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात येतात, एकाची ओढ दुसऱ्याची ओढ खाते, आणि भरती-ओहोटीतले अंतर कमी होते. ही भांगाची भरती. त्या दिवशी चंद्र आपल्या कक्षेच्या दूरच्या टोकाला होता, त्यामुळे उधाणही काहीसे मवाळ होते.

धावणारे ज्या आक्षीच्या दिशेने जात होते, तिथला शिलालेख मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२. उपलब्ध मराठी शिलालेखांत पुष्कळ अभ्यासक त्याला आद्य मानतात. श्रवणबेळगोळच्या लेखाशी त्याची तुलना करून पहिलेपणाचा वाद आम्ही दरवर्षी वर्गात रंगवतो. शिलाहार-यादवकाळातील दानलेखांच्या माथ्यावर चंद्रसूर्य कोरण्याची चाल होती. हे दान चंद्रसूर्य असेतो चालावे, असा त्याचा अर्थ. हा अर्थ आम्ही 'चिरंतनतेचे प्रतीक' असा सांगत आलो आहोत, आणि तो बरोबरच आहे. पण ज्या किनाऱ्यावर असे दगड उभे राहिले, तिथल्या माणसासाठी चंद्रसूर्य हे केवळ चिरंतनतेचे प्रतीक नव्हते. ते रोजचे घड्याळ होते. त्यांच्या हिशेबाने होडी निघे आणि खाडी ओलांडता येई. दगडावरच्या त्या दोन आकृतींचा हा दुसरा अर्थ कोणत्याही प्रतीककोशात आम्हांला सापडला नसता.

आता पुळणीकडे वळू. वाळूवर धावणे कठीण, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. कोरड्या वाळूत पाय रुततो, पाण्याने तुडुंब भरलेल्या वाळूतही रुततो. या दोहोंच्या मधल्या ओल्या पट्ट्यावर मात्र पाऊल जवळजवळ रस्त्यासारखे पडते. कारण कणांच्या सांध्यासांध्यांत पाण्याचे सूक्ष्म पूल तयार होतात आणि पाण्याचा पृष्ठताण कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. पाणी मुळीच नसेल तर हे पूल नाहीत. पाणी सगळीकडे भरले तर पूलही त्यात बुडतात. किनाऱ्यावर किल्ला करणाऱ्या पोराला हे बोटांनी कळते. आणखी एक गोष्ट टेबलामागे उभे राहून पुन्हा पुन्हा दिसत होती. ओल्या, चकचकीत वाळूवर पाऊल पडले की त्याच्याभोवतीची वाळू क्षणभर फिकट, कोरडी होई. पाऊल उचलले की तिथे पाणी डबडबे. दाबले तर पाणी वर यायला हवे, ते आत का जाते? नीट बसलेले कण दाबाने एकमेकांवरून सरकताना आधी किंचित दूर होतात, त्यांच्यामधली जागा वाढते, आणि वरचे पाणी त्या जागेत शोषले जाते. हे ऑस्बर्न रेनल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ साली उलगडून दाखवले. तोवर माणसे हजारो वर्षे समुद्रकाठी चालत होती आणि आपल्याच पावलाभोवतीचे ते कोरडे वलय पाहत होती. पाहत होती असे तरी कसे म्हणावे? ते डोळ्यांसमोर होते, एवढेच.

टेबलावरचे काम आम्ही हलके समजलो होतो. पण ताशी बारा किलोमीटर वेगाने येणारा माणूस सेकंदाला सव्वातीन मीटरहून अधिक अंतर तोडत असतो. त्याच्या वाटेत पेला स्थिर धरला तर पेला त्याच्या हाताबरोबर जातो, आणि पाणी मात्र आपल्या जागी राहू पाहते. ते त्याच्या छातीवर सांडते. 'जडत्व' हा शब्द शाळेत पाठ केलेला. त्याचा ओला अनुभव असा चाळिशीनंतर आला. आमच्या शेजारी नागावातल्याच एक मावशी मदतीला होत्या. त्यांचे पेले सांडत नव्हते. त्या पेला अर्धाच भरत, बोटांच्या टोकांवर धरत, आणि धावणारा जवळ आला की हात त्याच्याबरोबर दोन पावले पुढे नेऊन मग सोडून देत. "एकदम नाय द्यायचा, बाय. होडी लागताना दोर कसा सोडतान, तसा," एवढेच त्या म्हणाल्या. धक्क्याला लागणाऱ्या होडीचा दोर खलाशी एकदम आवळत नाही, खुंटावरून सरकत सरकत थांबवतो. झेल घेणारा हात मागे घेतो. वेगातला फरक थोडा अधिक वेळ घेऊन मिटवला की धक्का कमी बसतो, हे तत्त्व तेच. मावशींनी दिलेली उपमा वाङ्मयीन नव्हती. ती कामाची होती, आणि म्हणूनच अचूक होती.

टेबलाखाली दोन माठ होते. आमच्यातल्या सोलापूरकराची एक जुनी तक्रार आहे, की कोकणातला माठ पाणी गार करत नाही, नुसता पाझरतो. तक्रार रास्त आहे. माठ गार होतो तो बाहेर आलेले पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते म्हणून. देशावरची कोरडी हवा ते पाणी झपाट्याने उचलते. किनाऱ्यावरची हवा आधीच पाण्याने भरलेली, ती आणखी किती उचलणार? आणि माठाचा जो न्याय तोच शरीराचा. साठ किलो वजनाचा माणूस दहा किलोमीटर धावताना साधारण ६०० किलोकॅलरी खर्च करतो. त्यातला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग निव्वळ उष्णता होऊन बाहेर पडायला हवा. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे हिशेब जमतो. अट एवढीच की घाम वाळला पाहिजे. जो घाम थेंब होऊन वाळूत पडतो त्याने शरीरातले पाणी आणि मीठ जाते, उष्णता मात्र तिथेच राहते.

इथे भाषेचे अध्यापक म्हणून आम्ही थबकलो. 'घाम गाळणे' हा आपल्याकडे गौरवाचा वाक्प्रचार आहे. श्रमाच्या साऱ्या कवितेत घाम गळतो, टपकतो, त्याचे मोती होतात, मातीत पडून त्याचे पीक येते. गळणारा घाम दिसतो, म्हणून त्याची प्रतिमा झाली. वाळणारा घाम दिसत नाही, पण माणसाला जिवंत ठेवतो तो. श्रमाचा गौरव करणाऱ्या भाषेने श्रम करणाऱ्याच्या शरीराकडे किती बारकाईने पाहिले, हा प्रश्न या एका वाक्प्रचारातून उभा राहतो. भरदुपारी राबणाऱ्या माणसाच्या अंगावरून घामाच्या धारा लागल्या आहेत हे वर्णन आम्ही आजवर कष्टाचे चित्र म्हणून वाचले. दमट हवेत ते धोक्याचे चित्र असते.

तो धोका पावणेनऊच्या पुढे प्रत्यक्ष दिसू लागला. पुढचे धावणारे केव्हाच पोहोचून नाश्ता करत होते. त्यांना सारे काही अनुकूल मिळाले होते. हवा गार होती, सूर्य वाडीच्या आड होता, पुळणीचा टणक पट्टा पूर्ण उघडा होता, आणि पाठीला जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा होता. नंतर येणाऱ्यांसाठी यातील एकेक गोष्ट काढून घेतली जात होती. सूर्य माडांच्या वर आला. मतलई वारा पडला; जमीन तापून समुद्रावरून खारा वारा सुटायला अजून तास-दीड तास होता. या दोन वाऱ्यांच्या मधल्या वेळात किनाऱ्यावर पान हलत नाही. ज्यांना वाऱ्याची सर्वांत जास्त गरज होती ते नेमके याच वेळात धावत होते.

आणि पाणी वर येत होते. आयोजकांकडे भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक होते. त्यात वेळा होत्या, पण अमुक वेळी पाणी पुळणीवर कुठवर येईल हे त्यात असणे शक्यच नव्हते. आमच्या त्या विद्यार्थिनीने सकाळीच पाण्याच्या कडेला एक काठी रोवली होती. पहिल्या तासात पाणी जेमतेम हलले. दुसऱ्या तासात ते स्पष्ट पुढे सरकू लागले. ओहोटी ते भरती या सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक, असा त्याचा चढउतार असतो. सपाट पुळणीवर पाणी हातभर उंच चढले की कडा कित्येक पावले आत येते. "मॅडम, नवाला पाणी झेंड्यांवर येणार," ती साडेआठला म्हणाली. मार्गाच्या झेंड्या वर सरकवाव्या लागल्या. पुढच्या वळणावर उभ्या असलेल्या मुलांना हे ध्वनिक्षेपकावरून सांगितले. पण पहाटे त्यांना किलोमीटरभरावरून जो आवाज स्वच्छ ऐकू येत होता तो आता पोहोचेना. पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, तेव्हा आवाज खाली वळतो आणि दूरवर जातो; ऊन चढले की हे उलटते आणि आवाज वर निघून जातो. शेवटी सायकलवरून एक मुलगा धाडला.

झेंड्या वर सरकल्या म्हणजे शेवटचे धावणारे त्या टणक पट्ट्यावरून उठून वरच्या वाळूत आले. ती वाळू तासन्‌तास निथळलेली, वरून उन्हाने सुकलेली. जो आधीच दमला आहे त्याच्या पायाखाली आता मऊ जमीन आली. पुढच्यांपेक्षा मागच्यांना प्रत्येक पावलाला अधिक श्रम, अधिक उष्णता आणि ती घालवायला कमी वारा.

त्यांतले एक पन्नाशीचे गृहस्थ वाडीच्या रस्त्यावरून आमच्या टेबलापाशी आले ते झोकांड्या देतच. पाणी घेण्यासाठी पुढे केलेला हात पेल्याच्या बाजूने गेला. त्यांना सावलीत बसवले. मुलांनी टॉवेल आणून त्यांचे अंग पुसायला सुरुवात केली, तेव्हा स्वयंसेवकांतल्या एक निवृत्त परिचारिका जवळजवळ ओरडल्या, "पुसू नका. पाणी शिंपडा आणि वारा घाला. वारा!" पाण्याच्या बाटल्यांचे खोके फाडून चार मुलांनी चार बाजूंनी वारा घालायला घेतला. निसर्गातला पडलेला वारा खोक्याच्या पुठ्ठ्याने उभा करायचा होता. डॉक्टर येईतो आणि ते गृहस्थ स्वतःचे नाव नीट सांगू लागेतो दहा-बारा मिनिटे गेली असतील. त्या अवधीत 'बाष्पीभवन' हा शब्द आमच्यासाठी पाठ्यपुस्तकातून कायमचा बाहेर पडला. ते गृहस्थ बरे झाले. डॉक्टरांनी पुढे धावू दिले नाही म्हणून जरा रुसलेही.

निसर्गाचे नियम सर्वांना सारखे, असे म्हणतात. नियम सारखेच असतात. पण ते ज्या वेळी, ज्या जागी गाठतात ती वेळ आणि जागा सर्वांना सारखी मिळत नाही. मागे राहणाऱ्याला वाळूही मऊ मिळते. हे वाक्य आम्ही एखाद्या कथेच्या परीक्षणात लिहिले असते तर ते रूपक ठरले असते. नागावच्या पुळणीवर ते मोजता येणारे सत्य होते. वाङ्मयाने ज्याला विषमता म्हणून ओळखले त्याचा एक हिस्सा वारा, वाळू आणि पाणी यांच्या वेळापत्रकात असतो. तो पाहण्यासाठी वेळापत्रक कळावे लागते. ते कळले तर झेंड्या वेळेवर सरकवता येतात, वारा घालता येतो. पुढच्या खेपेला उशिरा पोहोचणाऱ्यांसाठी पुळण आधी आणि रस्ता नंतर ठेवता येईल. ही सूचनाही त्या विद्यार्थिनीचीच.

शास्त्र कळले की सौंदर्य ओसरते, ही वाङ्मयाच्या वर्गात अधूनमधून ऐकू येणारी भीती. तिच्यामागे एक खरी गोष्ट आहे: कारण सांगून मोकळे होणारे स्पष्टीकरण पाहण्याचा कंटाळा आणते. पण पाहण्याला नेमकेपणा आणणारे ज्ञान वेगळे. ज्ञानेश्वरीतले दृष्टान्त पाणी, दिवा, बीज, सावली यांच्या बारीक निरीक्षणावर उभे आहेत. निरीक्षण सैल असते तर दृष्टान्त टिकला नसता. आणि मराठीच्या आधुनिक इतिहासाच्या आरंभी ही वाटणी नव्हतीच. १८३२ साली 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर यांनीच १८४० साली 'दिग्दर्शन' मासिक काढले आणि त्यात पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल असे विषय मराठीतून मांडले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे कामही त्यांनी काही काळ सांभाळले. आणि १८४५ साली ज्ञानेश्वरी प्रथम शिळाछापावर आणली ती त्यांनीच. एका माणसाच्या एका टेबलावर या तिन्ही गोष्टी होत्या. आम्ही बाळशास्त्री शिकवतो ते पत्रकारितेचे जनक म्हणून. वेधशाळेचा उल्लेख एका ओळीत आटोपतो.

ती वेधशाळा पुढे आमच्याच दारी आली. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने पृथ्वीच्या चुंबकत्वाची सूक्ष्म मापने बिघडणार, म्हणून चुंबकीय नोंदींचे काम नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ साली अलिबागला सुरू झाले. दोन्ही ठिकाणच्या नोंदी ताडून पाहता याव्यात यासाठी १९०६ पर्यंत मुंबई आणि अलिबाग इथे एकाच वेळी मापने घेतली गेली. ट्राम १९०७ साली धावली. तेव्हा हा जिल्हा कुलाबा नावानेच ओळखला जाई. रायगड हे नाव १९८१ सालचे. आमचे कित्येक विद्यार्थी त्या वेधशाळेच्या भिंतीवरून रोज ये-जा करतात. आत पृथ्वीची नाडी मोजली जाते, हे त्यांना सांगण्याचे काम भौतिकशास्त्राच्या तासाचे, असे आम्ही समजत होतो. आणि भौतिकशास्त्राचा तास इंग्रजीत असल्यामुळे तो बहुतेकांच्या वाट्याला आलाच नाही.

प्रश्न शेवटी शब्दांचा आहे, आणि शब्द हे आमचे काम आहे. 'उधाण' आणि 'भांग' हे एकाच घटनेचे दोन शब्द, भाषेत जोडीने राहिलेले. त्यांतले उधाण साहित्यात आले: आनंदाला उधाण येते, चर्चेला येते, वृत्तपत्रांच्या मथळ्यांत तर रोज येते. भांग कुणाच्या आनंदाला येत नाही. वर्गात तो शब्द उच्चारला तर मुले हसतात, कारण त्यांना प्यायची भांग किंवा केसांचा भांग आठवतो. प्रमाण मराठीने समुद्राचा उसळता अर्धा भाग घेतला आणि शांत अर्धा किनाऱ्यावर ठेवून दिला. ओहोटी, मतलई, खारा वारा, वारा पडणे, पुळण हे सारे शब्द भूगोलाच्या एखाद्या धड्यात किंवा कोळीवाड्यात उरले आहेत. त्यांच्याबरोबर उरले आहे ते पाहणे. शब्द गेला की पाहणे जाते, असे ठाम म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण पुढच्या पिढीला ते पाहणे सोपवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग जातो, इतके नक्की.

म्हणून गेल्या वर्षापासून दुसऱ्या वर्षाच्या लेखनकौशल्याच्या तासाला आम्ही एक साधा स्वाध्याय देतो. समुद्राचे वर्णन करा. मात्र अथांग, धीरगंभीर आणि रौद्र ही विशेषणे वर्ज्य. जे दिसते ते का तसे दिसते, याविषयी निदान एक वाक्य हवे. आणि घरात वापरला जाणारा, पण पुस्तकात न सापडणारा निदान एक शब्द. पहिल्या आठवड्यात बहुतेक वह्या कोऱ्या येतात. नंतर हळूहळू भरतात. एकीने ओल्या वाळूतल्या पावलाभोवतीच्या कोरड्या वलयाला आजी काय म्हणते ते विचारून आणले. आजीकडेही त्याला शब्द नव्हता, पण तिने ते पाहिलेले होते. एकाने चूल आणि माठ घरात शेजारी का ठेवत नाहीत यावर पानभर लिहिले.

यंदाच्या एका वहीत पुढील मजकूर आहे. लिहिणाऱ्याचे वडील डोलजाळे लावतात. डोल पाण्याच्या ओढीवर चालते, आणि भांगात ओढ नसते. त्याने लिहिले आहे: 'भांगाचे दिवस आले की बाबा घरी असतात. जाळी शिवतात. पाण्याला ओढ नसली की पैशाला पण नसते. त्यामुळे आमच्या घरातली भांडणे अष्टमीच्या आसपास होतात.'

शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. त्या लाल शाईने दाखवल्या, आणि वही दोघांनीही दोनदा वाचली.